बदलसंच : सामायिक नकाशातील फेरफार आणि त्यांचे बाधित क्षेत्र

अनेकांनी मिळून रचलेल्या आणि कोणाही सभासदास दुरुस्त करता येणाऱ्या नकाशाच्या विदागारात एका व्यक्तीने एका बैठकीत केलेले फेरफार एकाच क्रमांकाखाली व एकाच खुलाशासह दाखल होतात. अशा फेरफारांच्या समूहास बदलसंच म्हणतात. ही संज्ञा मुख्यतः स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या जागतिक नकाशाच्या व्यवहारात रूढ आहे.

या नकाशाची सारी सृष्टी तीन प्रकारच्या घटकांवर उभी आहे. पहिला बिंदू, ज्याचे अक्षांश व रेखांश दशांशचिन्हापुढे सात स्थळांपर्यंत, म्हणजे विषुववृत्तापाशी सुमारे एका सेंटिमीटरच्या सूक्ष्मतेने नोंदविले जातात. दुसरी रेषा, जी अशा बिंदूंची क्रमवार माळ असून रस्ता, नदी किंवा इमारतीचा घेर दर्शविते. आणि तिसरा संबंध, जो बिंदू, रेषा किंवा अन्य संबंध यांना एका नात्यात बांधतो, जसे बसमार्ग किंवा राज्याची हद्द. प्रत्येक घटकास स्वतःचा ओळख-क्रमांक असतो, प्रत्येक बदलागणिक वाढत जाणारा आवृत्तिक्रमांक असतो, आणि प्रत्येक आवृत्ती ज्या बदलसंचातून आली त्याचा क्रमांकही तिच्यावर कोरलेला असतो. नकाशावरून वगळलेला घटकदेखील विदागारातून नाहीसा होत नाही. त्याची अखेरची आवृत्ती ‘अदृश्य’ म्हणून नोंदविली जाते आणि आधीच्या आवृत्त्या दप्तरी कायम राहतात.

महाराष्ट्रातील खातेदारास ही पद्धत अपरिचित वाटू नये. सातबाराच्या उताऱ्यावर खातेदाराच्या नावाशेजारी वर्तुळात जो आकडा दिसतो तो गाव नमुना सहामधील, म्हणजे फेरफार नोंदवहीतील नोंदीचा क्रमांक असतो, आणि जमीन कोणाकडून कोणाकडे व कशामुळे गेली याचा उलगडा त्या नोंदीवरून होतो. कमी झालेल्या नावास कंस करतात, ते पुसून टाकीत नाहीत. तथापि हे साम्य येथेच संपते. तलाठ्याने धरलेल्या फेरफाराची नोटीस हितसंबंधितांना जाते, हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत मिळते आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच तिचा अंमल सातबारावर होतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये अंमल आधी होतो आणि तपासणी, कोणी केलीच तर, मागाहून होते. पूर्वपरवानगीचा हा अभाव जाणूनबुजून स्वीकारलेला आहे, आणि म्हणूनच फेरफार कोठे झाला हे वेळीच कळणे या नकाशाच्या विश्वासार्हतेचा पाया ठरते.

बदलसंचाची व्यवस्था एप्रिल २००९ मध्ये, विदागाराशी व्यवहार करण्याच्या नियमावलीची ०.६ ही आवृत्ती अमलात आली तेव्हा सुरू झाली. बदलसंच उघडल्यापासून अधिकाधिक चोवीस तास खुला राहतो, तासभर त्यात हालचाल झाली नाही तर आपोआप बंद होतो, आणि सध्याच्या नियमानुसार त्यात दहा हजारांहून अधिक बदल मावत नाहीत. त्याच नियमावलीने आवृत्तिक्रमांकाची अटही घातली : ज्या आवृत्तीवरून आपण दुरुस्ती केली तीच अद्याप अखेरची आहे असे दिसले तरच सर्व्हर ती दुरुस्ती स्वीकारतो, दरम्यान दुसऱ्या कोणी त्या घटकास हात लावला असेल तर ती परत पाठवितो. या अटीचे मोल अवघ्या नऊ महिन्यांत प्रत्ययास आले. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला आणि जगभरातील शेकडो स्वयंसेवक पोर्तोप्रॅन्स शहराच्या त्याच त्या गल्ल्या उपग्रहचित्रांवरून एकाच वेळी रेखू लागले, तेव्हा एकाचे काम दुसऱ्याच्या कामाखाली नकळत गाडले जाऊ नये यासाठी ही अट पाठीशी होती.

बदलसंचाचे क्षेत्र सांगण्यासाठी सर्व्हर चार आकडे ठेवतो : किमान व कमाल अक्षांश, किमान व कमाल रेखांश. खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहितात त्याच धर्तीची ही चतुःसीमा होय. मात्र खरेदीखतातील चतुःसीमा शेजारच्या प्रत्यक्ष बांधांना चिकटून चालते, तर येथील चतुःसीमा सर्व स्पृष्ट बिंदूंना सामावणारा, दिशांना समांतर असा एक कोरडा आयत असतो. बिंदू सरकविला तर त्याची जुनी व नवी दोन्ही स्थाने आयतात धरली जातात. रेषा बदलली तर तिचे पूर्वीचे व नंतरचे सर्व बिंदू धरले जातात. संबंधाच्या बाबतीत नियम अधिक नाजूक आहे. त्यात एखादी रेषा किंवा बिंदू घातला अथवा काढला तर तेवढाच घटक मोजला जातो, परंतु संबंधाचे टॅग, म्हणजे त्याच्या गुणधर्मांच्या चिठ्ठ्या बदलल्या तर त्यातील सर्व रेषा व बिंदू आयतात ओढले जातात.

या नियमाचा परिणाम किती दूर पोहोचतो ते एका साध्या दृष्टांताने स्पष्ट होईल. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक स्थळाचे मराठी नाव लिहिण्यासाठी स्वतंत्र टॅग आहे. एखाद्या सभासदाने महाराष्ट्र राज्याच्या हद्दीच्या संबंधावरील मराठी नावातील एक वेलांटी दुरुस्त केली, तर त्या बदलसंचाची चतुःसीमा दक्षिणोत्तर सहा अंशांहून व पूर्वपश्चिम आठ अंशांहून मोठी होते, आणि राज्याचा आकार आयताकृती नसल्यामुळे राज्याबाहेरची सुरत व हैदराबाद ही शहरेही तिच्या आत येतात. हैदराबादच्या रस्त्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सभासदास आपल्या शहरात काही घडले असे दिसते, वस्तुतः तेथे कशासही हात लागलेला नसतो. कोणी एकाच बैठकीत आयर्लंडमधील एक दुकान आणि जपानमधील एक पूल दुरुस्त केला तर दोहोंमधला सारा युरोप-आशिया कागदोपत्री बाधित ठरतो. याहून विलक्षण प्रकार फिजी बेटांत आढळतो. तेथील तावेउनी बेटावरून १८० अंशांचे रेखावृत्त जाते; बेटाच्या दोन्ही अंगांस काही मैलांच्या अंतरात केलेले बदल एका संचात आले, तर एका अंगाचा रेखांश पूर्वेचा व दुसऱ्याचा पश्चिमेचा पडून चतुःसीमा संपूर्ण पृथ्वीला वळसा घालते. सारांश, चतुःसीमेबाहेर काही घडलेले नाही याची ती ग्वाही देते. आत कोठे काय घडले हे तिला ठाऊक नसते.

याच्या नेमके उलट वैगुण्य घटकाच्या इतिहासात आहे, आणि प्रस्तुत लेखकास ते अधिक गंभीर वाटते. रेषा स्वतःचे स्थान जवळ बाळगीत नाही. ती केवळ बिंदूंचे क्रमांक जाणते. घाटातील एखाद्या वळणाचा बिंदू कोणी पन्नास मीटर दरीकडे सरकविला तर नकाशावरील रस्ता वाकतो, पण रस्त्याच्या रेषेचा आवृत्तिक्रमांक होता तोच राहतो आणि तिचा इतिहास उघडून पाहणाऱ्यास अलीकडे काहीही बदलले नाही असेच दिसते. बदल बिंदूच्या नावे जमा झालेला असतो. म्हणून बाधित क्षेत्राचा खरा शोध घेणाऱ्याने प्रत्येक बदललेल्या बिंदूवरून तो ज्या ज्या रेषांत गुंफलेला आहे त्या रेषांकडे आणि रेषांवरून त्या ज्या संबंधांच्या अंगभूत आहेत त्या संबंधांकडे चढत जावे लागते. सर्व्हर दर मिनिटाला, तासाला आणि दिवसाला फेरफारांच्या ज्या फाइली प्रसृत करतो त्यांत केवळ नवी स्थिती असते. बिंदू आधी कोठे होता किंवा वगळलेली इमारत कोणत्या आकाराची होती हे जाणण्यासाठी संपूर्ण नकाशाची जुनी प्रत हाताशी असावी लागते. ओव्हरपास ही शोधसेवा अशी प्रत बाळगते व तिच्या आधारे जुनी आणि नवी स्थिती शेजारी शेजारी ठेवून देते; या जोडनोंदींमुळेच फेरफाराचे चित्र आयताऐवजी प्रत्यक्ष रेषांत पाहता येते.

नकाशाचे दृश्य रूप तयार करणाऱ्यांना हाच प्रश्न वेगळ्या वेशात भेटतो. पडद्यावरील नकाशा चौकोनी टाइलींचा बनलेला असतो आणि नकाशा मोठा करून पाहण्याच्या दर पातळीस टाइलींची संख्या चौपट होत जाते. अठराव्या पातळीस ती सुमारे ६,८७२ कोटी भरते. प्रत्येक फेरफारानंतर सर्व टाइली नव्याने रंगविणे अशक्य असल्यामुळे ज्या टाइलींवर बदलाचा स्पर्श झाला तेवढ्याच ‘शिळ्या’ ठरवाव्या लागतात. येथे चतुःसीमेवर विसंबले तर वरील वेलांटीच्या उदाहरणात सबंध दख्खन पुन्हा रंगवावी लागेल. म्हणून रेषा ज्या टाइलींवरून प्रत्यक्ष जाते त्यांचीच यादी काढतात. तलावासारख्या क्षेत्राच्या पोटातील टाइलीही यादीत घेतात, परंतु क्षेत्र ठराविक मर्यादेहून मोठे असल्यास केवळ त्याच्या काठावरील टाइली घेऊन भागवितात.

देखरेखीची साधने बहुधा सभासदांनीच निर्माण केलेली आहेत. एखाद्या इलाख्यात आज कोणते बदलसंच दाखल झाले ते काही साधने दाखवितात. ओएसएमचा हे साधन संशयास्पद संच, उदाहरणार्थ एका दमात शेकडो घटक वगळणारे, निवडून पुढे ठेवते. दोष आढळल्यास बदलसंच उलटविता येतो, आणि हे उलटविणेही एक नवा बदलसंच म्हणूनच दाखल होते, जेणेकरून दुरुस्ती करणाराही जाब देण्यास बांधील राहतो. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यूयॉर्क शहराच्या नावाच्या जागी एका उपद्रवी व्यक्तीने ज्यूद्वेषी शब्द लिहिला. ओपनस्ट्रीटमॅपच्या सभासदांनी तो लवकरच हटविला. परंतु मॅपबॉक्स या कंपनीच्या नकाशांत तो महिन्याच्या अखेरीस प्रकट झाला आणि त्या नकाशांवर विसंबलेल्या कित्येक उपयोजनांच्या वापरकर्त्यांना पाहावा लागला. मूळ दप्तर दुरुस्त झाले तरी त्याच्या नकला जगभर फिरत राहतात. त्यामुळे बाधित क्षेत्र केवळ अक्षांश-रेखांशांत मोजता येत नाही.

बदलसंचास जोडलेला खुलासा हा एकच भाग असा आहे, की जो कोणत्याही गणिताने भरून काढता येत नाही. आकडे काय बदलले ते सांगतात. का बदलले आणि कशाच्या आधारे, म्हणजे स्वतः जाऊन पाहून की उपग्रहचित्रावरून, हे सभासदाने लिहिले तरच कळते. दुर्दैवाने असंख्य संचांवर ‘दुरुस्ती’ एवढाच शब्द आढळतो, आणि पुढे कोणा परक्याने अशा संचातील एखादा रस्ता खोटा ठरविला तर त्याची बाजू मांडण्यास त्या संचाकडे काहीही उरत नाही. याउलट ‘पुलाचे काम चालू असल्याने रस्ता बंद, आज सकाळी पाहिला’ एवढी ओळ पुढच्या सभासदाचा दिवसभराचा शोध वाचवू शकते.

एप्रिल २००९ पूर्वीच्या फेरफारांना मुळात बदलसंच नव्हतेच. काही जुन्या सभासदांना तर तोपर्यंत नाव प्रकट न करताही लिहिता येत असे. संक्रमणाच्या वेळी जुने फेरफार सभासद व वेळ यांवरून जुळवून कृत्रिम संचांत बांधण्यात आले. त्यांना क्रमांक आहेत, तारखा आहेत, चतुःसीमाही आहेत. लंडनचे पहिले रस्ते सायकलवरून जीपीएसने मोजणाऱ्यांचे कामही त्यांतच आहे, आणि त्या संचांच्या खुलाशाचा रकाना रिकामा आहे.