तैवानचा अर्धसंवाहक उद्योग
शासनाने जाणीवपूर्वक घडवलेला उच्च तंत्रज्ञान उद्योग. सरकारने १९७३ मध्ये औद्योगिक तंत्रज्ञान संशोधन संस्था (इट्री) स्थापन केली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीए कंपनीशी करार करून तरुण अभियंत्यांना चिपनिर्मितीच्या प्रशिक्षणासाठी तिकडे पाठवले. पुढील यशाचे खरे मूळ या माणसांत आहे. १९८० मध्ये इट्रीतून यूएमसी ही कंपनी निघाली. त्याच वर्षी शिंचू येथे विज्ञान उद्यान सुरू झाले. मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये केवळ इतरांच्या आराखड्यांवरून चिप बनवणारी टीएसएमसी उभारली, तेव्हा खाजगी गुंतवणूकदार कचरत होते. जवळजवळ निम्मे भांडवल सरकारने घातले, कारभार मात्र जाणकारांच्या हाती ठेवला. जगातील अत्यंत प्रगत चिपपैकी बहुतांश आज तैवानमध्ये तयार होतात.