दोन चौक, एक आठवण

मुलाकडे परदेशी गेलो होतो, तेव्हा त्याने आम्हा दोघांना इटलीतले सिएना हे गाव दाखवले. गावाच्या मधोमध शिंपल्यासारखे उतरत गेलेले विटांचे प्रशस्त पटांगण आहे. त्याला ‘कॅम्पो’ म्हणतात, म्हणजे मैदान. त्या काळी नऊ जणांचे मंडळ गावाचा कारभार पाही, म्हणून फरसबंदीचेही नऊ भाग केलेले. हे काम १३४९ साली पुरे झाले. पटांगणाकडे तोंड करून घर बांधायचे, तर खिडक्या नगरभवनाच्या खिडक्यांशी जुळल्या पाहिजेत, असा नियम १२९७ सालीच झाला होता!

पण माझे पाय थबकले ते नगरभवनाच्या उंच मनोऱ्याच्या पायथ्याशी. तिथे संगमरवराचे छोटे प्रार्थनामंदिर आहे. १३४८ साली प्लेगने गाव ओस पाडले. जे वाचले, त्यांनी नवस फेडण्यासाठी १३५२ साली ते बांधायला घेतले.

प्लेग म्हटल्याबरोबर मला चिंचवड आठवले. पहिल्या पाळीला जाताना कंपनीची बस मी कित्येक वर्षे चापेकर चौकातच पकडली. डोळ्यांवर झोप, हातात डबा आणि लक्ष घड्याळाकडे. समोरच्या स्मारकाकडे मान वर करून पाहिल्याचे मला फारसे आठवत नाही.

१८९६ च्या अखेरीस पुण्यात प्लेग शिरला. बंदोबस्तासाठी रँड या अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गोरे सोजीर घरोघर झडत्या घेऊ लागले. माणसे रोगाइतकीच झडतीलाही भिऊ लागली. २२ जून १८९७ च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाहून परतताना, गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. पुढच्या वर्षी ८ मे रोजी वासुदेव, १० मे रोजी त्यांचे साथीदार महादेव रानडे आणि १२ मे रोजी बाळकृष्ण. तेरा महिन्यांच्या आत एका घरातले तीन भाऊ गेले. तिघांपैकी एकानेही तिशी गाठली नव्हती.

ते घर चिंचवडचे. त्या वेळचे चिंचवड म्हणजे पवनाकाठचे देवस्थानचे गाव. मोरया गोसावींचे समाधिमंदिर १६५८-५९ मधले, जवळच मंगलमूर्ती वाडा. आपल्याकडे ‘चौक’ शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वाड्यातला चौक : चहूबाजूंनी सोपे, वर आभाळ, मध्ये बसाउठायला जागा. दुसरा चार रस्ते मिळतात तो. सिएनाचे पटांगण मला वाड्यातल्या चौकाचे थोरले भावंड वाटले. घरे भोवती उभी आणि माणसे मध्ये.

आमचा चौक मात्र रस्त्यांचा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग कारखाने आले. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. गाव शहर झाले, रस्ते रुंद झाले, उड्डाणपूल आला. माझ्यासारख्या हजारोंना या गावाने पोटाला लावले, तेव्हा तक्रार करायला मला तोंड नाही. पण गाडीत बसलेल्या माणसाला स्मारक दिसते, भेटत नाही.

परत आल्यावर नातवाला घेऊन मुद्दाम चौकात गेलो. त्याने विचारले, “आजोबा, हे कोण?” मी सांगू लागलो, पण हॉर्नच्या गोंगाटात त्याला काही ऐकू येईना. शेवटी त्याचा हात धरून गावठाणात चापेकरवाड्याशी गेलो आणि तिथे उभ्याउभ्याच सगळे सांगितले. ऐकून त्याने एवढेच विचारले, “आणि त्यांची आई?”

इतकी वर्षे त्या चौकात उभा राहिलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)