खानदेशात मुलांच्या हाती पुस्तक कसे आले

आपल्या मंडळाच्या गेल्या सर्वसाधारण सभेत बालवाचनालयाचा विषय निघाला, तेव्हा पहिला अर्धा तास कपाटावरच गेला. कपाट काचेचे घ्यावे की पत्र्याचे, किल्ली कोणाकडे राहावी, पुस्तक हरवल्यास भरपाई कोणी करावी, ह्यावर भगिनींनी मनापासून मते मांडली. मुलांना पुस्तके वाचून कोण दाखविणार, हा प्रश्न चहा आला तेव्हा कोठे निघाला आणि चहाबरोबरच संपला. ठराव पुढच्या सभेवर गेला आहे. त्या सभेपूर्वी आपल्या खानदेशात मुलांच्या हाती पुस्तक कोणत्या वाटेने आले ते भगिनींसमोर मांडावे, म्हणून स्मरणिकेची ही पाने मी मागून घेतली.

आपल्याकडे ग्रंथांची वाण होती असे मुळीच नाही. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय आणि धुळ्याचे गरुड वाचनालय ही नावे घरोघरी माहीत आहेत. इतिहासाचार्य राजवाडे 1926 च्या अखेरीस धुळ्यात वारले आणि त्यांची दप्तरे सांभाळण्यासाठी लगेच 1927 साली तेथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. साहित्य संमेलने तर किती झाली! जळगावला 1936 साली, धुळ्याला 1944 साली, अमळनेरला 1952 साली, पुन्हा जळगावला 1984 साली आणि अगदी अलीकडे 2024 साली पुन्हा अमळनेरला. मंडप भरले, भाषणे गाजली, हे सारे भूषणावहच आहे. पण माझ्या लहानपणी वाचनालयात जात ते वडील आणि काका. वर्तमानपत्र वाचून, सुपारी कातरीत घरी येत. आई, आजी आणि आम्ही मुले तिकडे फिरकत नसू.

मग घरात वाचन नव्हते काय? होते, पण ते कानांनी चाले. चातुर्मासात पोथी लागे. श्रीधरस्वामींचा 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' कोणी एकाने वाचावयाचा आणि दहा-पंधरा जणींनी ऐकावयाचा. 1951 च्या शिरगणतीत सबंध देशातील स्त्रियांपैकी शंभरात जेमतेम नऊ साक्षर निघाल्या. तेव्हा ऐकणाऱ्या बहुतेक जणींना अक्षर येत नसणार हे उघडच आहे. तरीही अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला की डोळ्यांना पदर लागत. ह्या बायकांना आपण 'अडाणी' म्हणत आलो. मला तो शब्द कधीच पटला नाही.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी ह्यांचेच उदाहरण घ्या. त्यांचा जन्म 1880 चा. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही, अक्षर गिरविले नाही. त्यांचे चिरंजीव सोपानदेव शाळेत जात होते. त्यांनी एकदा पाठ्यपुस्तकातील सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखविली आणि सकाळपर्यंत आईने त्या कथेचे गाणे रचले, अशी हकिकत सांगतात. ह्या लहानशा हकिकतीपाशी मी नेहमी थांबते. क्रमिक पुस्तक म्हणजे घोकावयाची वस्तू, असे त्या मुलाला वाटत असेल, तर त्या सकाळी नक्कीच वाटेनासे झाले असेल. आपण वाचले ते आईने ऐकले, आणि ऐकले तेच रात्रीतून निराळे होऊन जात्यावर आले, ह्याहून मोठे बक्षीस कोणती शाळा देईल? सोपानदेव पुढे स्वतः कवी झाले. आईची गाणी त्यांनी आणि त्यांच्या मावसभावाने वेळोवेळी उतरून घेतली, म्हणून ती राहिली. बहिणाबाई 3 डिसेंबर 1951 रोजी वारल्या. आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' 1952 साली छापली गेली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. 'माझी आई शिकलेली नाही, ती मुलांचे वाचन काय घेणार,' असे एखादी सूनबाई म्हणते, तेव्हा मी तिला हे विद्यापीठ दाखविते.

येथे एक अडचण सांगितलीच पाहिजे, कारण पुण्यामुंबईच्या लेखांत ती सापडत नाही. आपल्या मुलांची घरची बोली निराळी. कोठे अहिराणी, कोठे लेवा बोली, सातपुड्याच्या पायथ्याशी भिली आणि पावरी. मूल घरी 'केयी' म्हणते आणि पुस्तकात 'केळी' छापलेले असते. डोळ्याचा 'डोया' होतो, जळगावाचे 'जयगाव' होते. म्हणजे पहिलीतले पोर एकाच वेळी दोन कामे करीत असते: अक्षर ओळखणे आणि ते अक्षर सांगते ती परकी भाषा ओळखणे. त्यात चुकले की हशा होतो. मग ते पुस्तकाला भिऊ लागते. ह्यावर उपाय एकच. कोणीतरी तीच गोष्ट आधी घरच्या बोलीत सांगावी आणि मग पुस्तक उघडून वाचावी. गोष्ट ओळखीची असली की शब्द परका वाटत नाही. हे काम गुरुजींपेक्षा आई, आजी आणि शेजारीण अधिक चांगले करू शकते, कारण ती बोली तिच्याच तोंडात आहे.

आता साने गुरुजी. पांडुरंग सदाशिव साने हे मूळचे कोकणातील पालगडचे. पण खानदेशाने त्यांना आपले मानले आणि त्यांनी खानदेशाला. 1924 ते 1930 अशी सहा वर्षे त्यांनी अमळनेरच्या शाळेत शिक्षकाचे काम केले. हीच पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आली. वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. तेथे त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालविले. विचार करा, रोजच्या रोज हाताने लिहावयाचे आणि मुलांपुढे ठेवावयाचे! छापखाना नाही, वर्गणी नाही, कपाटही नाही. आपल्यासाठीच कोणीतरी काही लिहिले आहे, हे कळल्यावर कोणते मूल ते वाचल्यावाचून राहील? ती मुले हायस्कुलातली, आपल्या बालवर्गाहून मोठी, हे खरे. परंतु युक्ती तीच. त्याच सुमारास भावनगरला गिजुभाई बधेका लहानांच्या बालमंदिरात अक्षरांच्या आधी गोष्ट सांगत होते, आणि तारा मोडक तेथे त्यांच्या सहकारी होत्या.

पुढे सत्याग्रह आला आणि गुरुजींनी शाळा सोडली. 1932 साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे विनोबांनी 21 फेब्रुवारी ते 19 जूनपर्यंत दर रविवारी गीतेवर एक, अशी अठरा प्रवचने दिली. ती साने गुरुजींनी उतरून घेतली. आज देशातील कितीतरी भाषांत वाचली जाणारी 'गीता प्रवचने' ती हीच. दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी 1933 मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी पाच दिवसांत 'श्यामची आई' लिहून काढली. 1935 साली ती प्रसिद्ध झाली. जळगावच्या जात्यावरची गाणी, धुळ्याच्या तुरुंगातली प्रवचने आणि अमळनेरच्या मास्तरांची 'श्यामची आई', ही तिन्ही पुस्तके आधी बोललेली, सांगितलेली आहेत. 'श्यामची आई'त तर प्रकरणेच नाहीत, बेचाळीस रात्री आहेत. श्याम रोज रात्री मित्रांना आठवण सांगतो. एका बैठकीत एक रात्र वाचून व्हावी, अशीच तिची मांडणी आहे.

आमच्याकडे ती तशीच वाचली गेली. 1957 च्या उन्हाळ्यात मी चौथीची परीक्षा दिली होती. आम्ही अमळनेरला एका वाड्यात राहत होतो. पेरणीपूर्वी बियाण्याच्या भुईमुगाच्या शेंगा हातानेच फोडाव्या लागत; त्यामुळे जेवणे आटोपली की ओसरीवर कंदिलाभोवती सात-आठ जणी सुपे घेऊन बसत. माझे वाचन बरे म्हणून पुस्तक माझ्या हाती आले. पहिल्या रात्री मी वाचले ते अर्धे कोणाला कळले नाही. कोकणातले शब्द आणि पुस्तकी मराठी. मग आमच्या शेजारच्या आक्का, ज्यांना सहीसुद्धा येत नसे, दर परिच्छेदाला थांबवीत आणि अहिराणीत तो सर्वांना सांगत. समुद्र आमच्यापैकी कोणीच पाहिलेला नव्हता. "तापीले पूर येस, तसाच का वं?" असे त्यांनी मला विचारले आणि मी मोठ्या ऐटीने होकार दिला. चार-आठ दिवसांत 'आजची रात्र' हा वाड्यात परवलीचा शब्द झाला. माझ्या धाकट्या भावाने एकदा झोप आली म्हणून दोन पाने गाळली, तर आक्कांनीच त्याला पकडले. अक्षर न येणाऱ्या बाईने वाचणाऱ्याला पकडले! पुढे आमच्या भागात प्रौढांचा रात्रवर्ग निघाला, तेव्हा पहिले नाव त्यांचे होते. 'पोरीनं वाचलं ते खरंच पुस्तकात हाये का, ते पाह्यनं शे,' हे त्यांनी दिलेले कारण.

त्याआधी, 1953 साली, अत्र्यांचा 'श्यामची आई' हा चित्रपट आला. त्याला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, हे सर्वांना ठाऊकच आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती साने गुरुजी कथामाला. गुरुजी 11 जून 1950 रोजी गेले. त्यांच्या स्मरणार्थ 1951 साली प्रकाशभाई मोहाडीकरांनी ती सुरू केली. मुले जमवावयाची आणि गोष्ट सांगावयाची, एवढाच तिचा खटाटोप. आणि तेवढ्यावर ती गावोगाव पसरली.

कपाटांचाही इतिहास आहे, तो थोडक्यात सांगते. 1987 नंतर खडू-फळा मोहिमेत प्राथमिक शाळांना गोष्टींची पुस्तके मिळाली. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने तर प्रत्येक शाळेत ग्रंथालय असलेच पाहिजे असे ठरविले. पुस्तके आली. परंतु ती नोंदवहीत चढली, तपासणीला एखादे कमी भरले की जाब शिक्षकाला, म्हणून शिक्षकाने कुलूप लावले. त्या शिक्षकाला मी दोष देत नाही. त्याच्या जागी आपणही तेच केले असते. मी एका शाळेत कपाट उघडवून पाहिले. पुस्तके इतकी कोरी होती की पाने एकमेकांना चिकटलेली. 'असर' ह्या पाहणीतील कार्यकर्ते खेडोपाडी घरोघर जाऊन मुलांना दुसरीचा उतारा वाचावयास देतात. त्यांच्या 2024 च्या पाहणीत देशातील पाचवीच्या सुमारे निम्म्याच मुलांना तो नीट वाचता आला. म्हणजे शाळेत पाच वर्षे घालवूनही निम्मी मुले 'आजची रात्र' वाचू शकणार नाहीत.

ह्याउलट नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे ह्यांनी 2009 साली 'ग्रंथ तुमच्या दारी' हा उपक्रम सुरू केला. त्यात कपाट नाही, पेटी आहे. पेटी वाचकांच्या एका गटाकडे जावयाची, वाचून झाली की दुसऱ्या पेटीशी बदलावयाची. कोणाच्या घरी पेटी आहे हे शेजाऱ्यांना माहीत असते, एवढेच तिचे कुलूप.

म्हणून सभेपुढे माझी सूचना अशी. कपाटाचे पैसे पुस्तकांना द्यावेत. पत्र्याच्या दोन ट्रंका माझ्याकडे रिकाम्या आहेत, त्या मी देते. एक ट्रंक महिनाभर वरच्या गल्लीत, दुसरी खालच्या गल्लीत, आणि महिन्याने अदलाबदल. पुस्तक फाटले तर फाटू द्यावे. खळ आणि जुनी वर्तमानपत्रे आपल्याकडे पुष्कळ आहेत. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता एका घरी मुलांनी जमावे. एका भगिनीने गोष्ट आधी आपल्या बोलीत सांगावी, मग पुस्तकातून वाचावी. नंतर एखाद्या मुलाने ती मोठ्यांना वाचून दाखवावी. आजीबाईंना खास बोलावणे असावे, विशेषतः ज्यांना वाचता येत नाही त्यांना. पाने गाळलेली त्यांना लवकर कळतात. पहिला शनिवार माझ्याकडे. सतरंजी मी घालीन, फक्त येताना प्रत्येकीने एकेक मूल बरोबर आणावे. स्वतःचे नसेल तर शेजारचे चालेल.