मास्टरिंग टेपवर की डिजिटल फाइलवर? फरक काय, निवडायचं काय

गाणं रेकॉर्ड झालं, मिक्स झालं, की शेवटची पायरी म्हणजे मास्टरिंग. आवाजाचा समतोल आणि पातळी ठरवून गाण्याची अंतिम प्रत इथे तयार होते. पुढच्या सगळ्या कॉपी तिच्यावरूनच निघतात, म्हणून ती 'मास्टर'.

टेप
प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कणांचा थर असतो. पट्टी हेडसमोरून सरकताना सिग्नल त्यात नोंदला जातो. स्टुडिओत ती साधारण सेकंदाला 38 सेंमी वेगाने धावते, घरातली कॅसेट फक्त 4.76 सेंमीने. म्हणून स्टुडिओची टेप कितीतरी स्वच्छ वाजते. आवाज फार मोठा झाला तर टेप तो एकदम कापत नाही, हळूहळू दाबते. 'उबदार' आवाज म्हणतात तो बराचसा यातूनच येतो. पण मागे बारीक 'सूंऽऽ' राहतं आणि कॉपीची कॉपी काढत गेलात की ते वाढतं.

डिजिटल फाइल
आवाजाचे सेकंदाला हजारो नमुने घेऊन ते आकड्यांत साठवतात. सीडीसाठी 44,100 नमुने आणि 16 बिट, मास्टरसाठी सहसा 24 बिट. 24 बिट, 48 किलोहर्ट्झची स्टिरिओ वेव्ह फाइल मिनिटाला सुमारे 17 एमबी होते. हजारावी कॉपीही पहिलीसारखीच. मात्र रेकॉर्ड करताना पातळी कमाल मर्यादेवर गेली की आवाज फाटतो. आणि एकुलती एक हार्डडिस्क गेली, तर सगळंच गेलं.

मग निवडायचं काय?
नवीन गाण्यासाठी सरळ डिजिटल. टेपचं मशीन, टेप, दुरुस्ती हा खर्च फक्त तो खास आवाज हवा असेल तरच करा. तिथेही बरेच जण मिक्स टेपवरून फिरवून परत फाइलमध्येच घेतात.

घरातल्या कॅसेटचं काय?
शेणवा, किन्हवली, मुरबाडकडे कुणाच्या घरी भजनाच्या किंवा लग्नातल्या धवळ्यांच्या कॅसेट असतील, तर ती कॅसेटच मास्टर आहे, दुसरी प्रत नाही. इथल्या पावसाळ्यात दमटपणाने टेपला बुरशी लागते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. त्यातल्या टेपवर घेतलेल्या ओव्या आज 'पारी'च्या संकेतस्थळावर मोबाइलवर ऐकता येतात, कारण त्या वेळीच फाइलमध्ये आल्या.

कॅसेट उतरवताना एवढं पाळा:
- बुरशी दिसली तर वाजवू नका, आधी जाणकाराला दाखवा.
- प्लेअरचं हेड पुसून घ्या.
- स्पीकरसमोर मोबाइल धरू नका. प्लेअरमधून वायरने ऑडिओ इंटरफेसमध्ये घ्या.
- मूळ प्रत वेव्हमध्ये ठेवा. एमपी३ फक्त पाठवायला. व्हॉट्सॲपवर मूळ फाइल द्यायची तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.
- तीन प्रती करा, एक दुसऱ्याच्या घरी ठेवा.
- काम झालं तरी कॅसेट फेकू नका. उद्या आणखी चांगलं मशीन मिळालं, तर पुन्हा उतरवता येईल.