बाटलीचं घड्याळ कोणाच्या हाती?

आमच्या वस्तीच्या तोंडाशी देशी दारूचं दुकान होतं. गाव अकोला जिल्ह्यातलं, तालुक्याचं. शाळेत जाताना दुकान उघडं. रात्री कंदील लावून अभ्यासाला बसलो तरी उघडं. माय निंदणावरून आली की चुलीपुढं बसून विचारायची, "शाळेले सुट्टी असते, दवाखान्याले असते, मंग ह्याले काहून नाही रे?" मला उत्तर येत नसे. तिला वाटे, हे नगरपालिकाच ठरवते. दिवाबत्ती तिची, नाली तिची, तर दुकानही तिचंच असेल.

कॉलेजात गेल्यावर आम्ही चार-पाच पोरं अर्ज घेऊन निघालो. मागणी साधी : दुकान रात्री लवकर बंद करा. एका कचेरीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं तिसरीकडे. शेवटी एक कारकून चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "पोराहो, वेळ मुंबईत ठरते. इथं नाही." दोस्तांनो, त्या एका वाक्यानं मला इतिहास वाचायला लावलं.

१८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या हाती आलं. मागून आगगाडी आली, जिनं आली, आणि अबकारीही पक्की झाली. दारू विकायचा हक्क सरकार लिलावात काढी. बोली जास्त त्याचा ठेका. बोलीचा पैसा ठेकेदार कोणाकडून वसूल करणार? जिनात कापसाचे बोजे वाहणाऱ्याकडून, वेठबिगारीवरून परतणाऱ्या महाराकडून. दुकान जितकं जास्त वेळ उघडं, तितकी वसुली. आणि जितकी वसुली, तितकी पुढच्या साली बोली चढी. म्हणजे दुकान उशिरापर्यंत चालावं ही गरज ठेकेदाराची होती तशी सरकारचीही होती. लायसन सरकारचं, त्यावरच्या अटी सरकारच्या. गावच्या कारभाऱ्यांकडे विहीर, रस्ता आणि कंदील.

विहिरीचं तरी काय होतं? १९२८ साली पंजाबराव देशमुख अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. तोवर आमच्या सावलीनं विहीर बाटत होती. दारूच्या दुकानात आमचा पैसा मात्र कधी बाटला नाही. स्थानिक संस्थेनं मनावर घेतलं तर ती पाणी देऊ शकत होती, हे पंजाबरावांनी दाखवलं. दारूची वेळ ठरवायला तिच्याकडे कागदच नव्हता.

१९३७ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं आणि १९३८ साली दारूबंदीचा कायदा झाला. साऱ्या प्रांताला नाही, निवडक जागांना. वऱ्हाडातून अकोट तालुका आणि बडनेरा. बाहेरून सागर जिल्हा, नरसिंहपूर, हिंगणघाट, कटनी. बडनेरा अमरावतीला खेटून, गिरणीचं गाव. हिंगणघाटही गिरणीचं. बडनेऱ्यात बंदी आणि हाकेच्या अंतरावर अमरावतीत दुकान सुरू. माझं मत विचाराल तर सांगतो : कामगाराच्या बायकोच्या रडण्यापेक्षा सकाळच्या भोंग्याला कामगार शुद्धीवर हजर असणं, ही काळजी या यादीत जास्त दिसते. पटत नसेल तर वाद घाला. पण यादी करताना कुठल्या वस्तीला विचारलं होतं, एवढं आधी सांगा.

इथं आपल्या पोरांचा एक गोंधळ होतो, म्हणून थोडं थांबतो. बाबासाहेब दारूबंदीच्या बाजूचे होते असं भाषणांतून सर्रास ठोकून दिलं जातं. तसं ते नाही. १२ मार्च १९२७ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि अबकारीतून माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करतं. त्यांची मागणी अशी की दारूच्या वाटेनं लोकांकडून जितकं घेता तितकं तरी त्यांच्या शिक्षणावर लावा. पुढं शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या १९५१ च्या जाहीरनाम्यात दारूबंदीला सरळ विरोध आहे, कारण तिच्यापायी सरकारी तिजोरीचं उत्पन्न बुडतं. आणि १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपुरात त्यांनी २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. यात विसंगती दिसते त्याला बाबासाहेब कळले नाहीत. पिणं सोडायचं ते माणसानं स्वतःच्या तोंडानं शपथ घेऊन, पोलिसाच्या दंडुक्यानं नाही. आणि दारूतून आलेल्या पैशाचा हिशेब मागायचा सरकारकडे.

हा हिशेब आजवर कोणी नीट मागितला नाही. मुंबईचा १९४९ चा दारूबंदी कायदा १९५९ मध्ये विदर्भाला लागू झाला. नाव दारूबंदीचं, पोटात परमिट आणि लायसन. साठीच्या दशकात बंदी सैल झाली. १९७२ च्या दुष्काळात आमच्या बाया रस्त्यावर खडी फोडत होत्या. १९७३ ला देशी दारूचे नियम निघाले. दुकान कायदेशीर झालं, वेळही कायदेशीर झाली. २०१२ मध्ये कायद्याच्या नावातलं मुंबई जाऊन महाराष्ट्र आलं, पण माय ज्याला नगरपालिका समजत होती तिच्या हाती काही आलं नाही. अमरावती १९८३ ला महानगरपालिका झाली, अकोला २००१ ला. घड्याळ मंत्रालयातच राहिलं.

एवढंच नाही, वऱ्हाडात घड्याळंही दोन. परमिट रूमला पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत रात्री दीडपर्यंत मुभा, बाकी ठिकाणी साडेअकरापर्यंत. अमरावतीला आयुक्तालय आहे, अकोल्याला नाही. आणि वर्षाला तीन रात्री सरकार सगळ्यांचंच घड्याळ सैल करतं : २४, २५ आणि ३१ डिसेंबर. परमिट रूम पहाटे ५ पर्यंत, किरकोळ दुकानं रात्री १ पर्यंत. कायदा-सुव्यवस्थेचं कारण असेल तर कलेक्टर सवलत नाकारू शकतो. महापालिकेचा ठराव लागत नाही, वस्तीची सही लागत नाही.

२५ डिसेंबर. १९२७ साली याच तारखेला महाडात मनुस्मृती जळाली. आपल्या बाया हा दिवस स्त्री-मुक्ती दिन म्हणून पाळतात. संध्याकाळी बुद्धविहारात सभा होते, आणि सभा संपवून त्या घरी निघतात तेव्हा दुकानाचं शटर वरच असतं. ही तारीख नाताळासाठी निवडली, आपल्याला डिवचायला नाही, हे मलाही कळतं. पण आपली तारीख त्यांच्या लक्षातही नसते, हे जास्त लागतं.

मग वस्तीच्या हाती काहीच नाही? एक आहे, आडवी बाटली. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या केल्या की गुप्त मतदान घ्यावं लागतं, आणि निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. निम्मी कशाच्या? मतदान केलेल्यांच्या नाही, यादीतल्यांच्या. वीटभट्टीवर गेलेली, पुण्याला धुणी-भांडी करायला गेलेली, मेलेली पण यादीत राहिलेली, या साऱ्या जणी आपोआप उभ्या बाटलीच्या बाजूनं धरल्या जातात. शिवाय वेळ कमी करा, रात्री आठला मिटवा, असं विचारायची सोय त्या मतपत्रिकेत नाही. एक तर पूर्ण बंद, नाही तर आहे तसं.

मार्च २०२५ मध्ये विधानसभेत जाहीर झालं की हाउसिंग सोसायटीच्या आवारात नवं दारू दुकान काढायचं तर सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. चांगलं आहे. पण पत्र्याच्या घरांची सोसायटी नोंदली जात नाही. आमच्या गल्लीची हरकत कोणत्या लेटरहेडवर लिहायची?

यंदा आम्ही पुन्हा सह्यांना बसलो. एका म्हातारीनं अंगठा उठवला आणि शाई पदराला पुसत म्हणाली, "सही घेता तं घ्या बाप्पा, पन मतदान रविवारी ठेवा. बाकी दिवशी रोजी पडते." तारीख मात्र कचेरी ठरवणार. रविवारच मिळावा म्हणून वेगळा अर्ज लिहून तो सह्यांच्या कागदांना जोडला आहे.