दिनविशेष : ३० सप्टेंबर १९८७
रॉय ऑर्बिसनची कृष्णधवल मैफल

लॉस एंजेलिसच्या अँबॅसेडर हॉटेलमधील 'कोकोनट ग्रोव्ह' सभागृहात गायक-गीतकार रॉय ऑर्बिसन याची मैफल आजच्या दिवशी चित्रित झाली. जानेवारी १९८८ मध्ये ती अमेरिकेत 'सिनेमॅक्स' वाहिनीवर दाखवली गेली. रंगीत टीव्हीच्या त्या काळात चित्रण मुद्दाम कृष्णधवल ठेवले होते. साथीला एल्व्हिस प्रेस्लीचे जुने वादक. ब्रूस स्प्रिंगस्टीन, टॉम वेट्स, एल्व्हिस कॉस्टेलो ही बडी मंडळी मागे उभी राहून निमूटपणे साथ करत होती. बॉनी रेट, के. डी. लँग, जेनिफर वॉर्न्स कोरसमध्ये. ऑर्बिसन मात्र काळे कपडे, काळा चष्मा घालून जागेवरून फारसा हलतही नाही. सारा खेळ गळ्याचा! 'ओ, प्रिटी वुमन'मध्ये स्प्रिंगस्टीन आणि प्रेस्लीच्या वादकांपैकी जेम्स बर्टन यांच्या गिटारींची जुगलबंदी रंगते, तो भाग चाहते आजही पुन्हापुन्हा लावतात. ज्येष्ठाचा मान कसा राखावा, हे इतक्या देखणेपणाने क्वचितच टिपले गेले असेल. ६ डिसेंबर १९८८ रोजी, वयाच्या ५२व्या वर्षी, ऑर्बिसन हृदयविकाराने गेला. पुढे ते हॉटेलही पाडले गेले. २०१७ मध्ये या मैफलीची नव्याने संपादित आवृत्ती निघाली.