ब्राउझरच्या कॅशेमधली फाईल आली कुठून? डिजिटल फॉरेन्सिक्समध्ये तिचा माग कसा काढतात

जप्त केलेल्या लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवर एक फोटो सापडतो. फाईलच्या नावात 'एफ', अंडरस्कोअर आणि सहा अंक एवढंच. एक्स्टेन्शन नाही, तारीख नाही, कोणत्या वेबसाईटचा आहे याचा पत्ता नाही. फोटो ब्राउझरच्या कॅशे फोल्डरमध्ये होता, एवढंच कळतं. तपास अधिकाऱ्याचे प्रश्न मात्र सरळ असतात: हा कुठून आला? कधी आला? आणि लॅपटॉप वापरणाऱ्याने तो खरंच पाहिला का?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा मिळतात. तिसऱ्याचं उत्तर देताना मात्र जपून बोलावं लागतं.

कॅशे म्हणजे काय?

एखादं पान उघडलं की ब्राउझर त्यातले फोटो, स्क्रिप्ट, फॉन्ट वगैरे डिस्कवर ठेवून देतो, म्हणजे पुढच्या वेळी ते पुन्हा डाउनलोड करावे लागत नाहीत. हे काम वापरणाऱ्याला न विचारता होतं. आपण स्वतः डाउनलोड केलेल्या फाईलला विंडोज सहसा 'झोन आयडेंटिफायर' नावाची खूणचिठ्ठी जोडतं आणि तिच्यात मूळ पत्ताही असू शकतो. कॅशेतल्या फाईलला अशी चिठ्ठी नसते. तिची कुंडली ब्राउझरच्या स्वतःच्या नोंदींमध्ये शोधावी लागते.

सुरुवात प्रतीपासून

मूळ मशीनवर ब्राउझर उघडून बघायचा मोह टाळा. ब्राउझर सुरू झाला की नव्या फाईल्स येतात आणि जागा कमी पडली तर जुन्या जातात. आधी राइट ब्लॉकर लावून डिस्कची इमेज काढायची, तिचा एसएचए-२५६ हॅश नोंदवायचा आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवरच करायचं.

क्रोम आणि एज

विंडोजवर क्रोमचा कॅशे 'ब्लॉक फाईल' पद्धतीने साठवला जातो. फोल्डरमध्ये एक 'इंडेक्स' फाईल असते आणि डेटा_० ते डेटा_३ अशा चार फाईल्स असतात. डेटा_१ मध्ये २५६ बाइटचे ब्लॉक असतात, डेटा_२ मध्ये १ केबीचे आणि डेटा_३ मध्ये ४ केबीचे. १६ केबीपेक्षा मोठा मजकूर यात मावत नाही, म्हणून त्याची वेगळी 'एफ' फाईल होते. २०२० च्या जानेवारीत आलेली नवी एज क्रोमियमवरच बांधलेली असल्याने तिथेही हीच रचना दिसते.

प्रत्येक फाईलची मुख्य नोंद डेटा_१ मध्ये असते. समजा, आपली फाईल 'एफ_०००१२३' आहे. नोंदीत तिचा पत्ता ८००००१२३ या हेक्साडेसिमल आकड्याने लिहिलेला असतो. डिस्कवर बाइट उलट क्रमाने असतात, म्हणून हेक्स एडिटरमध्ये '२३ ०१ ०० ८०' असं शोधायचं. नोंद सापडली की तिच्या सुरुवातीपासून, शून्यापासून मोजून, २४व्या बाइटला नोंद तयार झाल्याची वेळ मिळते. ५६व्या बाइटला सर्व्हरने पाठवलेल्या हेडर्सचा पत्ता, ६०व्याला मूळ मजकुराचा पत्ता आणि ९६व्यापासून 'की' असते. कीमध्ये फाईलचा पूर्ण यूआरएल असतो. की फार लांब असेल तर ती दुसरीकडे ठेवून इथे फक्त तिचा पत्ता दिलेला असतो.

२०२० मध्ये क्रोम ८६ आल्यापासून या कीमध्ये आणखी माहिती येऊ लागली. वेबसाईट्सना एकमेकींचा कॅशे चाचपता येऊ नये म्हणून क्रोमने कॅशेचे साईटनुसार कप्पे केले. आता कीमध्ये 'डीके' ही खूण असते. तिच्यापुढे वर उघडलेली मुख्य साईट, मग फ्रेमची साईट आणि शेवटी फाईलचा यूआरएल असतो. समजा, फोटो एखाद्या जाहिरात कंपनीच्या सर्व्हरवरचा आहे, पण मुख्य साईट बातम्यांची आहे. तेव्हा तो बातम्यांची साईट उघडल्यामुळे आला, हे तिथल्या तिथे कळतं. ही सोय खासगीपणासाठी केली होती, पण तपासणाऱ्याच्याही ती कामी आली. एक मर्यादा मात्र आहे. इथे साईट कळते, तिच्यावरचं नेमकं पान कळत नाही. त्यासाठी हिस्टरी बघावी लागते.

फायरफॉक्स आणि सफारी

फायरफॉक्समध्ये 'कॅशे२' फोल्डरच्या आत 'एंट्रीज' असतं. प्रत्येक फाईलचं नाव ४० हेक्साडेसिमल अंकांचं, म्हणजे कीचा एसएचए-१ हॅश असतं. इथे मजकूर आणि त्याची कुंडली एकाच फाईलमध्ये असते: आधी मजकूर, मग माहिती. माहिती कुठून सुरू होते हे फाईलचे शेवटचे ४ बाइट सांगतात. त्या भागात किती वेळा वापर झाला, शेवटचा वापर कधी झाला, मुदत कधी संपते आणि यूआरएल, हे सगळं मिळतं. २०२१ मधल्या फायरफॉक्स ८५ पासून मुख्य साईटचा उल्लेखही कीमध्ये येतो. लक्षात ठेवा, विंडोजवर फायरफॉक्सचा कॅशे 'लोकल' फोल्डरमध्ये असतो आणि हिस्टरी 'रोमिंग'मध्ये. एकच फोल्डर उचललं तर अर्धा पुरावा मागे राहतो.

मॅकवर सफारीची 'कॅशे डॉट डीबी' ही साधी एसक्यूलाइट फाईल असते. तिच्यात यूआरएल आणि वेळ मिळते. मोठ्या फाईल्स शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात.

वेळेचा घोळ

क्रोम वेळ मोजतो १ जानेवारी १६०१ पासून, मायक्रोसेकंदांत. फायरफॉक्सचा कॅशे मोजतो १ जानेवारी १९७० पासून, सेकंदांत. दोन्हींमधला फरक ११,६४,४४,७३,६०० सेकंदांचा. दोन्ही वेळा यूटीसीमध्ये असतात, म्हणून भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवायचे. हे विसरलं तर रात्री २ ची घटना आदल्या दिवशीच्या साडेआठची होते, आणि तेवढ्यात आरोपी बदलू शकतो.

कॉम्प्युटरचं घड्याळच चुकीचं असेल तर? तेव्हा हेडरमधली 'डेट' ओळ बघा. ती वेळ सर्व्हरने टाकलेली असते. दोन्हींमध्ये काही सेकंदांचाच फरक असेल तर घड्याळ ठीक होतं असं मानायला आधार मिळतो. 'लास्ट मॉडिफाइड' ही ओळ मात्र वेगळी. फाईल सर्व्हरवर कधी बदलली ते ती सांगते, कोणी कधी पाहिली ते नाही.

फाईल सापडली म्हणजे पाहिली का?

नाही. कॅशेतली फाईल एवढंच सांगते की या प्रोफाइलमधल्या ब्राउझरने ती मागवली. ती पानाच्या तळाशी असेल आणि तिथवर कोणी स्क्रोलच केलं नसेल. ती अदृश्य फ्रेममधून आली असेल. ब्राउझरने पुढचं पान आधीच आणून ठेवलं असेल. म्हणून कॅशेची वेळ हिस्टरीशी, टाइप केलेल्या यूआरएलशी आणि शोधलेल्या शब्दांशी जुळवून बघायची.

उलट बाजूही आहे. क्रोमची हिस्टरी दुसऱ्या फोनवरून सिंक होऊन येऊ शकते. कॅशे सिंक होत नाही. त्यामुळे 'हे माझ्या मोबाईलवर झालं, लॅपटॉपवर नाही' हा दावा तपासायला कॅशे उपयोगी पडतो. इन्कॉग्निटोमध्ये कॅशे मेमरीत राहतो, म्हणून तिथे डिस्कवर काही सापडलं नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही.

अमेरिकेच्या नवव्या सर्किट न्यायालयाने २००६ मध्ये कुचिन्स्की खटल्यात हाच फरक केला. आरोपीने ११० आक्षेपार्ह चित्रं स्वतःची म्हणून मान्य केली होती, आणि कॅशेत आणखी हजारो होती. त्याला कॅशेची माहिती होती किंवा त्यावर त्याचा ताबा होता हे दिसत नसल्याने, ती हजारो चित्रं शिक्षा ठरवताना धरता येणार नाहीत असं न्यायालयाने म्हटलं.

एका टूलवर भरवसा नको

२०११ मध्ये फ्लोरिडातल्या केसी अँथनी खटल्यात एका सॉफ्टवेअरने क्लोरोफॉर्मबद्दलचं पान ८४ वेळा उघडल्याचं दाखवलं. प्रत्यक्षात ते एकदाच उघडलं होतं. ८४ हा आकडा मायस्पेसच्या पानाचा होता. ही नोंद हिस्टरीतली होती, पण धडा कॅशेलाही लागू आहे. क्रोमकॅशेव्ह्यू, हाइंडसाइट, ऑटोप्सी यांपैकी किमान दोन टूल्सचे निकाल जुळवा आणि महत्त्वाची नोंद हेक्समध्ये स्वतः वाचा.

भारतातल्या कोर्टात

जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र आवश्यक असल्याचं सांगितलं. मूळ उपकरणच कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. त्याच्या प्रमाणपत्राचे दोन भाग असतात: एक पुरावा देणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. त्यात हॅशही लिहावा लागतो. सुरुवातीला काढलेला हॅश इथे कामी येतो.

अहवालात 'आरोपीने फोटो पाहिला' असं लिहू नका. 'अमुक प्रोफाइलमधल्या ब्राउझरने, अमुक साईट उघडी असताना, अमुक वेळी ही फाईल मागवली' असं लिहा. तेवढं पुराव्यावर टिकतं. कोणाचा हात माऊसवर होता, हे फाईल सांगत नाही.